बिऱ्हाड आणि बिऱ्हाडकरू : ‘आविष्कार’ची वाटचाल आणि तिचे दिवंगत सोबती

संस्थांचे इतिहास बहुधा कोनशिलेपासून सुरू होतात. भूमिपूजन कोणी केले, देणगी किती जमली, उद्घाटनाला कोण आले, हे सांगून झाले की मग माणसांची पाळी येते. ‘आविष्कार’च्या बाबतीत ही सोय नाही. १९७१ साली मुंबईत सुरू झालेल्या या नाट्यसंस्थेला स्वतःचे नाट्यगृह कधीच नव्हते. आधी दादरच्या एका शाळेचे सभागृह, मग माहीमच्या महापालिका शाळेतली जागा, असे तिचे बिऱ्हाड हलत राहिले. बांधकामाचा इतिहास नाही, तेव्हा उरतो तो माणसांचा.

त्या माणसांपैकी बरीचशी आता नाहीत. संस्थापक पिढी जवळजवळ सगळी गेली. तिच्या हाताखाली शिकलेल्यांपैकीही काही अकाली गेले. ज्यांनी या नाटकांवर लिहिले, वाद घातले, जे दुसऱ्या संस्थेत राहून या घरात वावरले, तेही गेल्या काही वर्षांत एकामागून एक गेले. म्हणून हा इतिहास नाटकांच्या यादीने न सांगता गेलेल्या माणसांच्या क्रमाने सांगितला आहे. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न ठेवला आहे : हे माणूस गेले तेव्हा कोणते काम अडले, आणि ते पुढे कोणी उचलले? गौरवाची विशेषणे कोणालाही लावता येतात. अडलेले काम मात्र ज्याचे त्याचेच असते.

‘रंगायन’च्या दारातून

‘आविष्कार’चा जन्म समजायचा तर ‘रंगायन’पर्यंत मागे जावे लागते. १९६० साली विजया मेहता यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्या संस्थेने मराठी नाटकाला नवे लेखक, नवा अभिनय आणि नाटकाकडे गंभीरपणे पाहणारा प्रेक्षक दिला. विजय तेंडुलकर, डॉ. श्रीराम लागू, अरविंद देशपांडे आणि सुलभा देशपांडे ही मंडळी त्या वर्तुळातली. डिसेंबर १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभे राहिले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई. हौशी नाटकवाल्यांची एक टोळी प्रयोगाच्या गावी लवकर पोहोचते, वेळ घालवायला लुटुपुटीचे कोर्ट मांडते आणि बघता बघता त्या खेळात एका अविवाहित शिक्षिकेची शिकार होते. बेणारे शाळेत शिकवणारी, आणि सुलभाताईही प्रत्यक्षात शिक्षिकाच. शाळेच्या वर्गातला आवाज, मुलांबद्दलची माया आणि चारचौघांत धीट राहण्याची सवय हे सगळे त्यांनी त्या भूमिकेत आयते आणले.

पुढे ‘रंगायन’मध्ये मतभेद झाले आणि वाटा वेगळ्या झाल्या. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. पहिलीच उडी मोठी मारली : गिरीश कर्नाड यांचे ‘तुघलक’, मराठी अनुवाद तेंडुलकरांचा, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. चौदाव्या शतकातली दिल्ली, सुलतानाचा दरबार, रस्त्यावरची गर्दी असे सगळे मागणारे हे नाटक, आणि संस्था नवखी. तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक होते. चित्रपटात नाव झालेल्या या नटाला ‘आविष्कार’ने एक वेगळेच आव्हान दिले. १९८४ मध्ये अपघातात ते गेले. दिवंगतांच्या या यादीत पहिल्या प्रयोगाचा नायकच सुरुवातीच्या नावांत येतो.

‘तुघलक’च्याच सुमारास सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता’वर चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, बेणारे पुन्हा सुलभाताईच. त्या पिढीच्या कामापैकी आज डोळ्यांनी पाहता येईल असे जे थोडके उरले आहे, त्यात हा चित्रपट येतो. बाकी बहुतेक सगळे प्रयोगाच्या रात्रीच संपले. नाटकवाल्याच्या मृत्यूत हे एक जादा नुकसान असते. कवीमागे पुस्तक राहते, चित्रकारामागे चित्र. नट गेला की त्याचे काम पाहिलेल्यांच्या आठवणीत जाऊन बसते, आणि ती आठवणही माणसाच्या आयुष्याएवढीच टिकते.

छबिलदास : शाळा सुटल्यावरची शाळा

१९७४ पासून ‘आविष्कार’ने दादर पश्चिमेच्या छबिलदास मुलांच्या शाळेतल्या सभागृहात प्रयोग सुरू केले. सुलभाताई याच शाळेत शिकवत होत्या, आणि ते नाते कामी आले. नाट्यगृह म्हणून पाहिले तर ही जागा काहीच नव्हती. पडदा, विंग, खोल रंगमंच, वातानुकूलन यातले काही नाही. खाली दादर स्टेशनची वर्दळ. गल्लीत वड्याच्या दुकानापुढची रांग ओलांडून, जिने चढून वर यायचे, आणि नट हातभर अंतरावर. चेहऱ्यावरची एक शीरही लपत नसे, आणि खोटे बोललेले वाक्य लगेच पकडले जाई.

या जागेचा खरा उपयोग ‘आविष्कार’ने एकट्यासाठी केला नाही, हे तिच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. सत्यदेव दुबे यांचे ‘थिएटर युनिट’, अमोल पालेकर यांची ‘अनिकेत’ आणि इतर कितीतरी गट इथे आले. महेश एलकुंचवार, अच्युत वझे, सतीश आळेकर यांची नाटके इथल्या प्रेक्षकाने पाहिली. मराठी, हिंदी असा भेद नव्हता. पुण्याच्या ‘थिएटर अकॅडमी’चे ‘महानिर्वाण’ही इथे झाले. त्यात भाऊराव मेलेले, पण बोलायचे थांबत नाहीत. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे म्हणून अडून बसतात, आणि ते स्मशान तर बंद झालेले. मृत्यू, शोक आणि शेजाऱ्यांची सांत्वने यांच्यावर कीर्तनाच्या चालीत इतके हसणे त्या सभागृहात घडले. त्या काळच्या छबिलदासवाल्यांना औपचारिक शोकाचे फारसे प्रेम का नव्हते, याचे थोडे उत्तर त्यात सापडते.

‘छबिलदास चळवळ’ हे नाव लोकांनी दिले. ठराव, जाहीरनामा, पदाधिकारी असे चळवळीला लागणारे तिथे काही नव्हते. एक जागा उघडी ठेवायची, भाडे परवडेल एवढे ठेवायचे आणि तारखा वाटून द्यायच्या, एवढेच. आणीबाणीची दोन वर्षे याच काळातली. बोलण्यावर बंधने असताना शंभर-दीडशे माणसे एका खोलीत एकत्र बसून काहीतरी गंभीर पाहतात आणि जिन्यावर उभे राहून त्यावर भांडतात, हे त्या दिवसांत लहान काम नव्हते.

या काळातले एक काम आवर्जून सांगायला हवे. लोर्काच्या ‘येर्मा’वरून आरती हवालदार यांनी केलेले ‘चांगुणा’ जयदेव हट्टंगडी यांनी बसवले. रोहिणी हट्टंगडी त्यात चांगुणा होत्या. स्पेनच्या खेड्यातली मूल नसलेल्या बाईची तळमळ मराठी मातीत इतकी मुरली की मूळ नाटक परके आहे याचा विसर पडला. जयदेव यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

३ जानेवारी १९८७

अरविंद देशपांडे गेले तेव्हा पंचावन्न वर्षांचेही नव्हते. नट म्हणून चित्रपट आणि दूरदर्शनने त्यांना घरोघरी पोहोचवले होते, पण संस्थेला त्यांची गरज वेगळ्या ठिकाणी होती. ते तालीम घेणारे होते. नव्या मुलाला संहितेपाशी बसवणे, वाक्याचा अर्थ लावायला लावणे, घाईने उभे राहू न देणे, या कामाला संस्थेत दुसरे माणूस तयार व्हायचे होते. अडले ते हे काम.

मराठी रंगभूमीवर माणूस गेले की शोकसभा होते. नाटकवाल्यांच्या शोकसभेत एक अडचण असते. वक्ते सगळे सराईत, आवाज कमावलेले, विराम कुठे घ्यायचा हे ठाऊक असलेले. सभा रंगते, आणि रंगली म्हणून घरी जाताना थोडे अपराधीही वाटते. ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे यांच्यासाठी दुसरी वाट धरली. त्यांच्या नावाने दर वर्षी नाट्यमहोत्सव सुरू केला. नाव स्मृतिदिनाचे, पण महोत्सवात तसबिरीपेक्षा प्रयोगाला जास्त वेळ.

या निर्णयाचे व्यावहारिक परिणाम पाहण्यासारखे आहेत. महोत्सव दर वर्षी करायचा म्हटले की दर वर्षी नाटके लागतात. नाटके लागतात म्हणून नवे लेखक शोधावे लागतात, अर्धवट संहिता पूर्ण करून घ्याव्या लागतात, इतर गावांच्या गटांना बोलवावे लागते. प्रयोगाची तारीख ठरलेली असली की एरवी दोन वर्षे रेंगाळणारी तालीम वेळेत पुरी होते. गेलेल्या दिग्दर्शकाने आपल्या नावाच्या जोरावर दर वर्षी काही जणांना कामाला लावले, असे म्हणायला हरकत नाही. प्रत्येक वर्षीची सगळीच नाटके चांगली होती असे कोणी म्हणणार नाही. काही कच्ची होती, काही पुन्हा कधी उभी राहिली नाहीत. पण कच्च्या नाटकाला जागा देणे हेच प्रायोगिक संस्थेचे काम असते, आणि तालीम घेणाऱ्या माणसाच्या स्मरणाला कच्ची नाटकेच शोभतात.

बिऱ्हाड माहीमला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचे पर्व संपले. जागा गेली की अशा संस्था बहुधा संपतात. ‘रंगायन’ संपली होती, इतर अनेक गट विरले. ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत जागा मिळवली आणि तालमी, प्रयोग, कार्यशाळा तिथे सुरू केल्या. दादरचा सवयीचा प्रेक्षक सगळाच माहीमला आला नाही, हे खरे. पण तालमीला खोली मिळाली, आणि मुंबईत तालमीची खोली प्रेक्षकांपेक्षा दुर्मीळ असते.

याच काळात संस्थेने आपल्या आवाक्याबाहेरचे वाटावे असे काम केले. महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली त्रिनाट्यधारा म्हणून सलग, एकाच दिवसात सादर झाली. धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही कथा सुरू होते ती एका मृत्यूपाशी. तात्याजी गेले आहेत, मुंबईचा मुलगा आला आहे, आणि तेराव्याच्या खर्चाचा प्रश्न घरात उभा आहे. शोक कोणी किती करायचा, त्याचे पैसे कोणी भरायचे, घरचे दागिने आणि जमीन यांचे काय करायचे, हे मराठी घरांतले न बोललेले हिशेब त्या नाटकात उघडे पडतात. दिवसभर प्रेक्षक बसून राहिले आणि तीन पिढ्या त्यांच्यासमोर खचत गेल्या. स्वतःचे छप्पर नसलेल्या संस्थेने एका ढासळत्या वाड्यावर एवढी मेहनत घ्यावी, यातली गंमत तेव्हाही काहींच्या लक्षात आली असेल.

मुलांच्या रंगभूमीचेही काम याच्या आधीपासून चालू होते. ‘चंद्रशाला’ हा संस्थेचा बालविभाग सुलभाताईंच्या जिव्हाळ्याचा. माधव साखरदांडे यांचे ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मुलांच्या एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात राहिले. एक मूल मोठे झाले की भूमिका धाकट्याकडे. त्यातली काही मुले पुढे व्यावसायिक नट झाली. बहुतेक झाली नाहीत, पण चांगला प्रेक्षक झाली. शिक्षिकेने चालवलेल्या विभागाचे मोजमाप त्या दुसऱ्या गटावरून करायला हवे.

२००८

संस्थेच्या आठवणीत हे वर्ष वेगळे आहे. एकाच वर्षात चार मृत्यू झाले, आणि चारही वेगवेगळ्या खांबांवर पडले.

१९ मे रोजी विजय तेंडुलकर पुण्यात गेले. ‘रंगायन’पासून या मंडळींच्या हातात नाटक देणारा हा लेखक. सुलभाताईंच्या शाळेतल्या मुलांसाठीही त्यांनी लिहिले होते, हे त्यांच्या गाजलेल्या नाटकांच्या गोंगाटात विसरले जाते. तेंडुलकर गेले तेव्हा देशभर लिहिले गेले, म्हणून इथे थोडक्यात एवढेच की कोणतीही संस्था घडवणारे लेखक तिच्यासोबत राहिले तरच ती टिकते, आणि ते भाग्य ‘आविष्कार’च्या वाट्याला आले.

२ ऑगस्टला चेतन दातार गेला. वय अवघे चव्वेचाळीस. हा धक्का सर्वांत कठीण, कारण तो पुढचा माणूस होता. दुबे यांच्याकडे आणि ‘आविष्कार’मध्ये तयार झालेला चेतन लेखक होता, दिग्दर्शक होता, शिकवणारा होता, आणि वेळ पडली तर सतरंज्याही घालणारा. ‘१, माधवबाग’मध्ये आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई आहे. तिच्या तोंडून चेतनने जो विषय मांडला, तो मराठी रंगभूमीने तोवर इतक्या साधेपणाने हाताळला नव्हता. भाषण नाही, आरोप नाही, एक आई बोलत राहते. प्रेमानंद गज्वी यांचे ‘गांधी-आंबेडकर’ त्याने बसवले, तेव्हा दोन महापुरुषांचे पुतळे न करता दोन भांडणारी माणसे उभी केली. चेतन गेला तेव्हा अडले ते पिढ्या जोडण्याचे काम. सत्तरीतल्या काकडेकाकांशी आणि विशीतल्या नव्या पोरांशी तो सारख्याच सुरात बोलू शकत असे. त्याच्यानंतर ही जागा कोणा एकाने भरली नाही. ती अनेकांत वाटली गेली, आणि वाटणीत काही हरवले.

सप्टेंबरात दामू केंकरे गेले. सरकारी, हौशी, व्यावसायिक अशा सगळ्या रंगभूमींमध्ये सहज ये-जा करणारा हा माणूस नाटकाच्या जगात सगळ्यांना आपला वाटे. डिसेंबरात जयदेव हट्टंगडी गेले. ‘चांगुणा’ बसवणाऱ्या या दिग्दर्शकाने राष्ट्रीय नाट्य विद्यालयातले शिक्षण मुंबईच्या छोट्या सभागृहात उतरवले. शिबिरे घेत, गावोगाव शिकवत तो फिरला. जयदेवचे विद्यार्थी आज महाराष्ट्रात जिथे तिथे सापडतात, पण त्याच्या शिकवण्याची पद्धत कोणी नीट लिहून ठेवलेली नाही. तालमीत जे तोंडी दिले जाते ते तोंडीच राहते, हा आपला जुना दोष.

तीन वर्षांनी, २५ डिसेंबर २०११ रोजी सत्यदेव दुबे गेले. दुबे ‘आविष्कार’चे नव्हते, आणि तरी या घरात त्यांच्याइतक्या हक्काने कोणी ओरडले नसेल. बिलासपूरचा हा हिंदी भाषक माणूस मराठी नाटकांवर जीव लावून बसला होता. शब्दाचा उच्चार, वाक्याचा श्वास यावर त्यांनी मुंबईतल्या दोन पिढ्यांना झोडपले आणि घडवले. संस्था आणि तिचा शेजार यांत रेघ मारता येत नाही, हे दुबे यांच्यामुळे कळते.

सुलभाताई, काकडेकाका

४ जून २०१६ रोजी सुलभाताई गेल्या. वय एकोणऐंशी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तन्वीर सन्मान, हिंदी-मराठी चित्रपटांतल्या कितीतरी भूमिका, हे सगळे त्या वेळी छापून आले. ‘जैत रे जैत’, ‘भूमिका’ यांपासून ‘इंग्लिश विंग्लिश’पर्यंतचा प्रवास लोकांना आठवला. संस्थेपुरते पाहिले तर त्यांच्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या. पहिली, पती अरविंद गेल्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्यांनी संस्था सोडली नाही. चित्रीकरण, मालिका, प्रवास सांभाळून त्या तालमीला येत राहिल्या. दुसरी, त्यांनी मुलांना दुय्यम प्रेक्षक मानले नाही. बालनाट्यालाही त्यांनी तेवढीच तालीम, तेवढीच शिस्त दिली. त्यांची थोरली बहीण प्रेमा साखरदांडे यादेखील अभिनेत्री, आणि दादरच्या आय.ई.एस. शाळेच्या मुख्याध्यापिका. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. दोन बहिणी, दोघी शिक्षिका, दोघी नट्या. दादरच्या मध्यमवर्गात शाळा आणि नाटक यांची जी सोयरीक होती, तिचे हे शेवटचे दुवे.

९ ऑक्टोबर २०१९ रोजी अरुण काकडे गेले. रंगमंचावर ते क्वचित दिसले, आणि ते नसते तर रंगमंचच दिसला नसता. पाच दशके त्यांनी संस्थेची व्यवस्था सांभाळली. प्रेक्षकाला व्यवस्था दिसत नाही, म्हणून ती काय असते हे इथे सांगायला हवे. तालमीची जागा ठरवायची. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवायचे. नेपथ्य न्यायला टेम्पो सांगायचा आणि परत आणायलाही सांगायचा. तिकिटे, पत्रके, पेपरात जाहिरातीची इंचभर जागा, उसने आणलेले दिवे वेळेवर परत करणे, रुसलेल्या नटाला समजावणे, आणि प्रयोगानंतर खर्च जमेपेक्षा जास्त निघाला की पुढच्या नाटकाची तारीख तरीही लिहून ठेवणे. यातले एकही काम कलेत मोजले जात नाही. ही कामे करणारा माणूस नव्हता म्हणून बंद पडलेल्या संस्था मोजल्या तर प्रतिभेच्या अभावी बंद पडलेल्यांपेक्षा त्यांची संख्या जास्त भरेल.

२०१४ मध्ये पंढरपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद काकडेकाकांना मिळाले, तेव्हा एक संघटक त्या खुर्चीवर बसला याचे अनेकांना समाधान वाटले. नट, नाटककार, गायक यांना मिळणारा मान पडद्यामागच्या माणसाला मिळाला. ‘अमका’ या नावाने त्यांनी आत्मकथन लिहिले. नाव असे घेतले की त्यात मोठेपणाला जागाच उरू नये.

काकडेकाका गेले त्याच वर्षी १७ डिसेंबरला डॉ. श्रीराम लागू गेले. ‘रंगायन’मधले जुने सोबती, पुढे आपल्या वाटेने गेलेले. मुलगा तन्वीर अपघाताने गेला तेव्हा लागू दांपत्याने त्याच्या नावाने रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला, आणि तो सुलभाताईंनाही मिळाला. दुःखाला काम लावायची ही पद्धत त्या पिढीत बरीच रुजलेली होती. अरविंद देशपांडे स्मृतिमहोत्सव आणि तन्वीर सन्मान ही एकाच स्वभावाची दोन रूपे.

बंद दारांची दोन वर्षे

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. या काळात जे गेले त्यांना नाटकवाल्यांनी नेहमीसारखे पोहोचवले नाही. अंत्ययात्रेला मोजकी माणसे, शोकसभा फोनच्या पडद्यावर, आणि तिथेही कोणाचा आवाज तुटतो, कोणाचा चेहरा दिसत नाही.

मे २०२० मध्ये रत्नाकर मतकरी करोनाने गेले. बालनाट्य, एकांकिका, गूढकथा, आणि ‘लोककथा ७८’सारखे जातीच्या अत्याचारावरचे नाटक, असा त्यांचा विस्तार. स्वतःची संस्था चालवून स्वतःच्या हिमतीवर प्रायोगिक काम करणाऱ्यांपैकी ते एक. ऑक्टोबर २०२० मध्ये पुष्पा भावे गेल्या. रुईया महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, सामाजिक चळवळींत रस्त्यावर उतरणाऱ्या पुष्पाबाई नाटकाच्या साक्षेपी समीक्षक होत्या. त्यांच्या रूपाने प्रायोगिक रंगभूमीला तिचा कठोर वाचक मिळाला होता. नाटक पाहून बाई काय म्हणतील, ही धास्ती दिग्दर्शकाच्या मनात असे. ती धास्ती गेली, आणि तिच्याबरोबर नाटक चुकले तर चुकले म्हणणारे एक मोठे तोंडही गेले.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी जयंत पवार गेले. गिरणगावातून आलेला हा लेखक. १९८२ च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या कामगार कुटुंबाची गोष्ट त्यांच्या ‘अधांतर’मध्ये आहे. छबिलदासचे प्रायोगिक नाटक बरेचसे मध्यमवर्गाचे होते. त्याच दादर-परळच्या पट्ट्यातली, रेल्वेच्या दुसऱ्या बाजूची माणसे पवारांनी रंगमंचावर आणली. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पत्रकार म्हणून त्यांनी नाटकांवर वर्षानुवर्षे लिहिले, आणि नव्या लेखकाची पहिली संहिता वाचायला वेळ काढला. नाट्यगृहे पुन्हा उघडली ती ते गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत.

या तिघांपैकी कोणीही ‘आविष्कार’च्या कार्यकारिणीतले म्हणून इथे आलेले नाही. ते या वस्तीतले म्हणून आले आहेत. दादर-माहीमच्या या नाट्यवस्तीत कोण कोणत्या संस्थेचा हे सभासद-नोंदवहीवरून ठरत नसे. कोण कोणाच्या तालमीला येऊन बसतो, त्यावरून ठरे.

ज्यांची नावे इथे नाहीत

वर जी नावे आली ती वर्तमानपत्रांनीही नोंदवली. त्यांच्या मागे पुस्तके आहेत, चित्रपट आहेत, पुरस्कार आहेत. पण पन्नास वर्षांत या संस्थेत राबलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे कुठेच नोंदलेली नाहीत. प्रकाशाच्या पट्टीवर बसणारे, टेपरेकॉर्डरवर नेमक्या क्षणी बोट ठेवणारे, लाकडी ठोकळे जिन्यावरून वर चढवणारे, दारात तिकिटे फाडणारे, गर्दीच्या प्रसंगात तिसऱ्या रांगेत भाला धरून उभे राहणारे. बँकेत, टपाल खात्यात, महापालिकेत दिवसभर नोकरी करून ही माणसे संध्याकाळी सात वाजता तालमीला येत आणि शेवटच्या लोकलने घरी जात. त्यातले कित्येक जण गेले, आणि गेल्याची बातमी संस्थेला महिन्यांनी, कोणाच्या तरी बोलण्यात ओझरती कळली.

त्यांचा इतिहास लिहायला आपल्याकडे आज साधन नाही, हे कबूल करून थांबण्यात अर्थ नाही. साधन आपणच तयार करायचे आहे, आणि ते अजून घराघरांत आहे. जुनी पत्रके, तिकिटांची अर्धुके, तालमीच्या वह्या, दिव्यांच्या जागांचे तक्ते, कार्बन कागदावर काढलेल्या संहिता, महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, पोस्टकार्डे. पुनर्विकासात चाळी आणि जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत, तसे माळ्यांवरचे हे कागद रद्दीत जात आहेत. एखादे घर आवरायला निघाले की ‘नाटकाचे कागद’ असा गठ्ठा सर्वांत आधी बाहेर पडतो.

तेव्हा हा इतिहास वाचणाऱ्यांना एक काम. तुमच्याकडे या संस्थेचा किंवा छबिलदासच्या दिवसांचा एखादा फोटो असेल तर तो उलटा करा आणि मागे, पेन्सिलीने, त्यात दिसणाऱ्या सगळ्यांची नावे लिहा. मधल्या नटाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. कडेला अर्धा कापला गेलेला, हातात दोरी धरून उभा असलेला कोण, ते लिहा. नाव आठवत नसेल तर तो काय काम करायचा ते लिहा. वर्ष अंदाजाने लिहिले तर तसे नमूद करा. गठ्ठा सापडला तर त्याची छायाप्रत काढून एखाद्या ग्रंथसंग्रहालयात किंवा नाट्यसंग्रहात द्या, आणि मूळ प्रत घरीच ठेवायची असेल तर ती कोणाकडे आहे एवढे तरी कळवा. छबिलदासचे पहिले प्रयोग विशीत पाहिलेली माणसे आज सत्तरीत आहेत. फोटोतल्या चेहऱ्यांना ओळखणारे जोवर आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.